गुरुवारचं टोकन

हे घडलंय.

कुठे वाचलेलं नाही, कुणी फॉरवर्ड केलेलं नाही. माझी सख्खी मावसबहीण मंजुषा, तिच्या बाबतीत घडलंय. तिने मला हे ताथवड्याला आमच्या स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता सांगितलं. सगळं सांगून होईपर्यंत तिच्या हातात मेथीची एकच काडी होती.

आणि यात रात्र नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही.

गुरुवार, ३१ जुलै २०२५. भर दुपारचे बारा चाळीस.

गावाचं नाव सांगणार नाही. निघोज्याच्या पुढे, कंपन्यांची पत्र्याची शेड संपता संपता लागतं, एवढं पुरे. मंजुषाची नोकरी अजून तिथेच आहे.

ज्यांना खोटं वाटेल त्यांना वाटू दे. मंजुषालाही तेच वाटून घ्यायचं होतं. तिला जमलं नाही.

मंजुषा त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. रक्तदाब, शुगर, लसी, गरोदर बायका, सगळं तीच बघते. सोबतीला एकच माणूस, मदतनीस सावित्रीबाई. मूळ गावच्याच, पन्नाशी उलटलेल्या. झाडलोट करायची, पेशंट ओळीत बसवायचे, आणि कोण कुणाच्या घरातलं ते मंजुषाच्या कानात सांगायचं, ही त्यांची कामं.

गेल्या वर्षी वरून हुकूम आला. मनाच्या आजारावर आता गावातच, व्हिडिओवरून उपचार होणार. शहरातले मानसोपचाराचे डॉक्टर लॅपटॉपवर येणार, पेशंटने समोर खुर्चीत बसून बोलायचं.

कल्पना चांगली होती. मंजुषाला तर मनापासून पटली. पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं म्हणजे इथल्या माणसाचा एक खाडा पडतो, आणि वेड्याच्या डॉक्टरकडे गेला म्हणून गावभर बोभाटा होतो तो वेगळाच.

पण वार कोणता ठरवला?

गुरुवार.

अहो, या पट्ट्यात गुरुवारी लाईट नसते! कंपन्यांना सुट्टी, म्हणून तारांची कामं त्याच दिवशी काढतात. इथलं शेंबडं पोरही हे सांगेल. मंजुषाने तीनदा लिहून पाठवलं, वार बदला. तीनदा उत्तर आलं, 'आपली सूचना नोंदवली आहे.'

मग काय, लॅपटॉपची बॅटरी आणि मंजुषाच्या मोबाइलचं नेट. तेही मागच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवला तरच. टोकन काढायचं आणि स्क्रीनवर फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसायचं. पाऊण तासाने कुणीतरी डॉक्टर यायचे. नाव-गाव विचारून होईपर्यंत आवाज गेलेला असायचा.

महिन्याला असे दहा पेशंट झालेच पाहिजेत. नाही झाले तर केंद्राचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर लाल रंगात. सगळ्या तालुक्यासमोर.

"मॅडम, रेंजसाठी भैरोबाला नारळ ठिवू का?" सावित्रीबाई विचारायच्या. मंजुषाला हसूही येईनासं झालं होतं.

दिपाली आली ती अशाच एका गुरुवारी, तीन जुलैला.

चोवीस वर्षांची. नवरा नवनाथ कंपनीत, ठेकेदाराकडे. परभणीकडून येऊन त्यांना वर्ष झालं होतं. गावाच्या कडेला भाड्याची एक खोली, आणि चार महिन्यांची मुलगी. बाळाला लस द्यायला म्हणून आली, पण मंजुषाने तिच्याकडे बघितलं आणि हातातली सुई खाली ठेवली.

बाळ रडून लाल झालं होतं. आईला ते ऐकूच येत नव्हतं.

डोळे उघडे होते... पण घर उघडं असावं आणि आत कुणी नसावं, तसे.

मंजुषाही परभणीचीच. माहेरचा सूर ऐकला तशी दिपाली जरा सैलावली. झोप लागत नाही म्हणाली. बाळाला हात लावायची भीती वाटते म्हणाली. बाळंतपणानंतर कधी कधी बाईचं मन असं खचतं, त्यावर औषध आहे, ती यातून बाहेर येते, हे मंजुषाला चांगलं माहीत होतं. तिने तिथल्या तिथे टोकन काढलं.

दिपालीकडे फोन नव्हता. घरात मिळून एकच मोबाइल, तो नवनाथ नेणार आणि कंपनीच्या गेटवर जमा करणार. म्हणून नोंदणीत मंजुषाने स्वतःचाच नंबर टाकला. सगळीकडे असंच करतात.

चाळीस मिनिटांनी डॉक्टर आले. माणूस भला वाटला. दिपाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत, पुन्हा गुंडाळत बसली होती. पाच मिनिटं गेली. सात गेली. मग तिने एकदम मान वर केली.

"मला सारखं वाटायलंय की मी..."

आणि कॉल कटला.

पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न करा. मंजुषाने मोबाइल खिडकीच्या गजाबाहेर धरला. पावसाने हात कोपरापर्यंत भिजला. काही उपयोग झाला नाही.

"काय वाटतंय गं? मला सांग."

दिपालीने ओठ मिटले. एवढा धीर एकवटून आणला होता, तो त्या अर्ध्या वाक्यातच संपला.

दहा तारखेला ती पुन्हा आली. या वेळी डॉक्टर दुसरेच.

"नाव काय? वय किती? काय त्रास होतो?"

"मागच्या टायमाला सांगितलं की मी," दिपाली म्हणाली.

"माझ्याकडे नोंद दिसत नाहीये. पहिल्यापासून सांगा."

तिने पहिल्यापासून सुरू केलं. मधेच कॉल कटला.

सतरा तारखेला तिसरे डॉक्टर.

"नाव काय?"

दिपाली मंजुषाकडे वळून बघत राहिली. रागाने नाही, थकून. "मॅडम, मागच्या टायमाला सांगितलं की मी," एवढंच म्हणाली. बाळाला उचललं आणि पावसात निघून गेली.

तो लॅपटॉप उचलावा आणि खिडकीतून भिरकावून द्यावा, असं मंजुषाला त्या दिवशी वाटलं. सरकारी होता म्हणून वाचला.

चोवीसला दिपाली आलीच नाही.

मंजुषा संध्याकाळी खोलीवर गेली. दिपाली उंबऱ्यात बसली होती. शेजारच्या रंभाकाकू तिच्या बाळाला मांडीवर थोपटत होत्या.

"हाक मारली तरी वळत न्हाई ही," काकू हळूच म्हणाल्या. "नुसती भाईर बघत बसतीया. जसं काय समूर कुणी हुबं हाय."

मंजुषाने वळून बघितलं... समोर अंगण होतं. चिखल होता. कुणी नव्हतं.

नवनाथ शिफ्टवरून आला, तो दारातच हात जोडून उभा राहिला. "मॅडम, मला काय कळत न्हाई का? पण पिंपरीला न्यायचं म्हणलं की अख्खा दिवस जातो, अन् खाडा झाला की ठेकेदार दुसरा माणूस घेतो. गुरुवारी सुट्टी म्हणावं, तर गुरुवारीच ओव्हरटाइमला बोलवायलेत. येत्या गुरुवारी मात्र मी स्वतः आणतो. शब्द देतो."

येता गुरुवार म्हणजे एकतीस जुलै.

नवनाथ आला नाही. ओव्हरटाइम लागला असणार.

महिनाअखेर. पेशंट नऊ झालेले. बाहेर रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तीस माणसं ताटकळलेली, लाईट गेलेली, आणि तालुक्याहून साहेबांचा फोन.

"मॅडम, तुमची ती दिपाली यादीत अजून लाल दिसतेय. दोनच्या आत हिरवी करा."

"सर, पेशंट आलीच नाही. मी तिच्या घरी जाऊन..."

"कशी ते मला सांगू नका. करा."

फोन ठेवला त्यांनी.

दिपालीची खोली चालत वीस मिनिटांवर. जाऊन येऊन चाळीस. बाहेर तीस माणसं. मंजुषाचं डोकं नुसतं ठणकत होतं. आणि तिने ते केलं, जे इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं.

"सावित्रीबाई, आत खुर्चीत बसा. डोक्यावरून पदर पुढे घ्या, खिडकीकडे पाठ करा. नाव दिपाली सांगायचं. बरं वाटतंय, झोप लागते, एवढं म्हणायचं. तीन मिनिटांत उठायचं."

सावित्रीबाईंचा चेहरा उतरला. "दुसरीचं नाव घिऊन बसू?"

"उद्या सकाळी मी स्वतः तिच्या घरी जाते. आज एवढं निभावून न्या."

मंजुषाने टोकन काढलं, मोबाइल खिडकीत ठेवला आणि बाहेर ओळीपाशी गेली.

बारा चाळीस झाले तेव्हा आतून डॉक्टरांचा आवाज आला. बाईचा आवाज होता, शांत. मंजुषाने अर्धवट लोटलेल्या दारातून डोकावून बघितलं. अंधारी खोली. खुर्चीत डोक्यावरून पदर घेतलेली पाठ. हळू, सलग बोलणं चाललेलं.

झालं एकदाचं, असं तिला वाटलं.

दारातून एक वास आला... आंबूस, दुधाचा. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या पदराला येतो तसा. सकाळी एखादं बाळ ओकलं असेल म्हणून ती ओळीकडे वळली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. बाई उठायचं नाव घेईना. तीन मिनिटं सांगितली होती, हिने तर गप्पांचा फडच जमवला! मंजुषा मनातल्या मनात चरफडली. आणि नवल म्हणजे एकदाही कॉल कटला नाही. खरा पेशंट बसला की दोन मिनिटं टिकत नाही, आणि खोट्याला अर्धा तास!

बत्तीस मिनिटांनी आवाज थांबला.

मंजुषा आत गेली. खुर्ची रिकामी. मागचं दार अर्धवट उघडं. स्क्रीनवर 'सल्ला पूर्ण'. खाली डॉक्टरांचा कागद उघडला होता, चांगला लांबलचक. तिने तो वाचला नाही. खोट्या पेशंटचा कागद कोण वाचतं? बटण दाबलं. दिपाली हिरवी झाली.

सावित्रीबाई बऱ्याच वेळाने परतल्या, पुढच्या दाराने, भिजलेल्या. मान खाली.

"मॅडम, माफ करा, मी..."

"असू द्या. झालं ते झालं. पुढचा पेशंट पाठवा."

संध्याकाळी चाकणहून घरी येताना बसमध्ये एका अनोळखी नंबरवरून तीनदा फोन आला. साहेबांच्या ऑफिसातूनच असणार. मंजुषाने आवाज बंद केला आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोलल्याप्रमाणे दिपालीकडे गेली. केंद्राचं कुलूपही न काढता, थेट.

अंगणात बायका जमलेल्या. मंजुषा त्यांना बाजूला सारत पुढे गेली.

दिपाली उंबऱ्यात बसली होती. चौकटीला टेकून. श्वास चालू, नाडी चालू, डोळे उघडे. हाक मारली, हलवलं, चिमटा काढला... काहीच नाही. बाळ तिच्याकडे झेपावत होतं. ती बघतही नव्हती.

"काल दुपारपास्नं अशीच हाय," रंभाकाकू रडत म्हणाल्या. "तवर निदान घास तरी गिळत व्हती."

"काल दुपारी कुठे गेली होती का?"

"कुठं जातीया? हितंच, उंबऱ्यात. मी समूर बसून डाळ निवडत व्हते. जराबी हलली न्हाई पोर."

अँब्युलन्स आली. पिंपरीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, औषधं सुरू केली, आठ दिवस ठेवून घेतलं. शरीरात काहीच सापडलं नाही. भरवलं तर खायची, हात धरून नेलं तर चालायची.

पण ती आत नव्हती.

नवनाथचं काम गेलं. ठेकेदाराने दुसरा माणूस घेतला. तो बायकोला आणि लेकीला घेऊन परभणीकडे गावी निघून गेला. एवढं होऊनही यादीत दिपाली हिरवीच होती. फॉलो-अप पूर्ण. सुधारणा समाधानकारक.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी लागली. सगळ्या पेशंटांचे कागद छापून ठेवा म्हणून निरोप आला. मंजुषा एकेक काढत होती. एकतीस जुलैचा कागद प्रिंटरमधून बाहेर आला.

तीन पानी.

हे लोक कधी चार ओळींच्या वर लिहीत नाहीत. मंजुषाने पहिल्यांदाच तो वाचायला घेतला. वर नाव होतं, डॉ. प्राजक्ता. पहिली दोन पानं म्हणजे दिपालीचं माहेर, लग्न, बाळंतपण, सगळं बारीकसारीक. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं:

'रुग्ण म्हणते: मला सारखं वाटतं की मी माझ्या अंगात नाही. अंग घरात बसलेलं असतं आणि मी उंबऱ्याबाहेर उभी राहून त्याच्याकडे बघते. रोज थोडी लांब जाते. बाळ रडतं ते ऐकू येतं, पण घ्यायला हात नसतात, ते घरात राहिलेले असतात. आज अंग घरी ठेवून इथवर आले. मंजुषामॅडमना सांगा, मला घरापर्यंत सोडा. एकटीला परत वाट सापडायची नाही.'

खाली डॉक्टरांचा शेरा, शेवटची ओळ त्याच संध्याकाळी भरलेली:

'अत्यंत तातडीचे. रुग्णाला एकटे सोडू नये. केंद्रातील कर्मचाऱ्याने सोबत करून घरी पोहोचवावे आणि आजच मोठ्या रुग्णालयात हलवावे. दिलेल्या नंबरवर तीन वेळा फोन केला. उचलला नाही.'

मंजुषाने तो शेरा दोनदा वाचला. ती तशीच जमिनीवर बसली.

"सावित्रीबाई... हे सगळं तुम्ही सांगितलंत? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

सावित्रीबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"मी बसलेच न्हाई मॅडम. दुसरीचं नाव घिऊन खोटं बोलायला माझी जीभच रेटंना. मी मागल्या दारानं गेले, भैरोबाच्या पायरीवर बसून ऱ्हायले. तुमाला तेच सांगाया आले व्हते. तुमी म्हणला, असू द्या."



मंजुषाने मोबाइल काढला. एकतीस जुलैचे मेसेज उघडले. एक तिने तेव्हा बघितलाच नव्हता...

'आपला आजचा डेटा संपला आहे.' वेळ, बारा वाजून पंधरा मिनिटं.

लॅपटॉपला नेट तिच्याच मोबाइलचं होतं. लाईट नव्हती. बत्तीस मिनिटं कॉल चालला होता.

आता तुम्ही म्हणाल, त्या डॉक्टरांनाच का नाही विचारलं? विचारलं की! आठ दिवस मंजुषा फोनला चिकटून होती. उत्तरं काय मिळाली? त्या डॉक्टरांना आता दुसऱ्या जिल्ह्याचे पेशंट दिले आहेत. डॉक्टर निवडायची सोय नाही. नंबर देता येत नाही. तक्रार नोंदवली आहे, क्रमांक जपून ठेवा.

आणि दर गुरुवारी, बाराच्या पुढे, मागच्या खोलीत तो वास यायला लागला.

आंबूस. दुधाचा.

त्या खुर्चीत पेशंट बसेनात. गार लागते म्हणायचे. सावित्रीबाईंनी तिथे झाडू मारायचं सोडलं. लांबूनच हात जोडायच्या.

मंजुषा घाबरली नव्हती का? घाबरली होतीच. पण त्याहून जास्त तिला एक गोष्ट कळत होती. ही पोरगी इथे उपचाराला आली होती. तिला घरी सोडायचं राहिलंय.

दोन गुरुवार तिने तेही केलं. दुपारी केंद्राला कुलूप घातलं आणि "चल दिपाली" म्हणून एकटी त्या खोलीपर्यंत चालत गेली, मागे वळून न बघता. पण खोलीत नवीन भाडेकरू आलेले. ज्या अंगापाशी सोडायचं, ते परभणीकडे, सव्वाशे कोसांवर.

मग तिच्या डोक्यात ते आलं. ज्यासाठी हे सगळं यंत्र आणलं, तेच करायचं. इथल्या माणसाला तिथल्या माणसासमोर बसवायचं.

तिने नवनाथला फोन केला. "येत्या गुरुवारी साडेबाराला व्हिडिओ कॉल कर. फोन तिच्या चेहऱ्यासमोर धर. का ते विचारू नको."

गुरुवार, चार सप्टेंबर.

मंजुषाने लॅपटॉप लावला, टोकन काढलं. लॅपटॉपला नेट या वेळी सावित्रीबाईंच्या मोबाइलचं. शेजारी स्वतःचा मोबाइल उभा केला. समोर रिकामी खुर्ची. सावित्रीबाई दारात, पदर तोंडाशी धरून.

मोबाइलवर नवनाथच्या घराचा ओटा दिसला. दिपाली भिंतीला टेकून बसलेली. वाळलेली. नजर कुठेच नाही.

बारा पस्तीस. छत्तीस. गोल फिरत होता.

मग वास आला...

खुर्ची किंचित करकरली... कुणीतरी बसल्यासारखी.

लॅपटॉपवर डॉक्टर आले. तरुण पोरगा, घाईत. त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला,

"ताई, पदर जरा मागे घ्या. चेहरा दिसत नाहीये."

सावित्रीबाई दारातून एक पाऊल मागे सरल्या. खुर्ची रिकामी होती. मंजुषा तिच्या बाजूला उभी होती, आणि मंजुषाच्या डोक्यावर पदर नव्हता.

"नाव सांगा," डॉक्टर म्हणाला.

मोबाइलवर दिपालीची मान हलली.

महिन्याभरात पहिल्यांदा. हळूहळू तिने नजर वर उचलली. सरळ फोनमध्ये बघितलं. सरळ त्या खुर्चीकडे. परभणीकडे तिचे ओठ हलले...

आणि आवाज मंजुषाच्या शेजारून आला. खुर्चीतून.

"मला सारखं वाटायलंय की मी..."

"दिपे!" नवनाथ ओरडला. "मॅडम, ती बघायली! मॅडम, तिच्या डोळ्यात पाणी..."

आणि कॉल कटला.

मोबाइलवर गोल. लॅपटॉपवर गोल. पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न करा.

मंजुषा किंचाळली. खिडकीकडे धावली, हात गजाबाहेर काढला, टेबलावर चढली, अंगणात पळाली. "एक मिनिट! अरे, एकच मिनिट द्या रे!" कुणाला म्हणत होती, तिलाच माहीत नाही. नवनाथचा नंबर संपर्कक्षेत्राच्या बाहेर. तासभर बाहेर. दिवसभर बाहेर.

तो नंबर पुन्हा कधीच लागला नाही.

दिवाळीत मंजुषा त्यांच्या गावी जाऊन आली. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, फोनवर काहीतरी भलतंच बघितलं पोरीने, बाहेरचं झालंय म्हणून तिला कुठल्या तरी देवस्थानाला नेलंय. कुठल्या? कुणालाच सांगता आलं नाही. फोन? तो तर नवनाथच्या म्हाताऱ्या बापाने त्याच दिवशी विहिरीत टाकला.

एवढं सांगून मंजुषाने हातातली काडी खाली ठेवली.

"बदली माग ना," मी म्हणाले.

"आणि तिला कोण घरी सोडेल?"

मी उरलेली मेथी निवडायला घेतली. गुरुवारी दुपारी आमच्याकडे लाईट जाते, पंखा थांबतो, आणि माझी नजर आपोआप घड्याळाकडे जाते.

मंजुषा आता प्रत्येक कागद वाचते, अक्षर न् अक्षर. वार अजून बदललेला नाही. सूचना नोंदवलेली आहे. दर गुरुवारी बारा चाळीसचं एक टोकन ती दिपालीच्या नावाने काढते, खुर्ची पुसून ठेवते आणि बाजूला उभी राहते. दर वेळी डॉक्टर नवीन असतात. दर वेळी विचारतात, नाव काय, वय किती, काय त्रास होतो.

थोडा वेळ काहीच होत नाही...

मग वास येतो. आणि रिकाम्या खुर्चीतून, अगदी थकलेल्या आवाजात,

"मागच्या टायमाला सांगितलं की मी."

"हो का?" डॉक्टर म्हणतात. "माझ्याकडे नोंद दिसत नाहीये. पहिल्यापासून सांगा."